नाताळची लूट

आमच्या घरी नाताळ आधी फ्रिजच्या दारावर येतो. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की माझी सून स्नेहा तिथे एक यादी लावते. डावीकडे माणसं, उजवीकडे वस्तू. काही नावांपुढे बरोबरची खूण, काहींपुढे फुली आणि माझ्या नावापुढे गेली तीन वर्षं प्रश्नचिन्ह. मला काय द्यावं हे तिला सुचत नाही आणि मला काय हवंय हे मलाही सांगता येत नाही, त्यामुळे त्या चिन्हापाशी आमचं दोघींचं चांगलं जमतं. बाकीच्या नावांनी मात्र ती बिचारी हैराण होते. मोबाइलवर बोट फिरवत राहते, दारात आलेली खोकी परत पाठवते आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला की म्हणते, "आई, तुम्ही जरा भाजी बघता का?" मी भाजी बघते. येताजाता तिच्या कपाळावरची आठीही बघते. ती आठी माझ्या ओळखीची आहे. साठ वर्षांपूर्वी दिग्रसला ती माझ्या आईच्या कपाळावर होती, अगदी त्याच जागी.

दिग्रसचा डिसेंबर म्हणजे कापूस. आता लोक डिसेंबर म्हटलं की केक म्हणतात. मला मात्र आधी बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येतात आणि त्यामागे जिनिंगच्या कारखान्याचा दिवसभर चालणारा घरघराट. आर्णीकडून, पुसदकडून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या, इतक्या उंच भरलेल्या की वर बसलेला माणूस बाभळीच्या फांद्यांना हाताने बाजूला सारत यायचा. बाभळीही काही कमी नव्हत्या. प्रत्येक बंडीतून चिमूटभर आपला वाटा काढून घ्यायच्या. महिनाअखेरीस त्या रस्त्याच्या सगळ्या बाभळी पांढऱ्या दिसत. कापूस आमच्या केसांत असायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर असायचा, देवळात भजनाची वही उघडली तर पानांत असायचा. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत असू, आणि गावातले लोक नाताळला बडा दिन म्हणत. "बडा दिन आला वाटते," असं भाजीवालीसुद्धा म्हणायची, कारण आईची बाजारातली धावपळ तिला दिसायची.

बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या घरी भरपूर असत. वर 'घेण्याची वेळ' असं छापलेलं आणि खाली कोरी रेघ. आईची नाताळची यादी या चिठ्ठ्यांवर व्हायची. एका चिठ्ठीवर एक नाव. मग त्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून ती पत्ते खेळल्यासारखी इकडच्या तिकडे करत बसायची. यांना मागच्या वर्षी कप दिले होते, त्यांनी आपल्याला टॉवेल दिला होता, मग यांना आता रुमाल चालेल का, आणि यांना रुमाल दिला तर त्यांच्या जावेला काय? कापडाच्या दुकानात ती एकच पातळ उलटसुलट करत उभी राहायची आणि मी तिच्या शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर. घरी आली की कपाळाला बाम. मला लहानपणी खरंच असं वाटायचं की नाताळला बामाचा वास असतो.

या सगळ्या चिठ्ठ्यांत सर्वांत अवघड चिठ्ठी मार्थाआत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि यवतमाळला मुलींच्या शाळेत शिकवून एकटी राहिली. नाताळला तीन दिवस आमच्याकडे यायची. शाळेत छापील मराठी बोलायची आणि बसमधून दिग्रसला उतरली की वऱ्हाडी. क्रोशाच्या सुईवर तिचा हात असा होता की बोलता बोलता रुमाल तयार व्हायचा. मात्र एक टाका चुकला तर अख्खी ओळ उसवायची. माणसांच्या बाबतीतही ती तशीच होती. आई तिला 'बाई' म्हणायची आणि तिला जरा घाबरायची, पण तिच्यावर जीवही तितकाच होता. आईला सासू नव्हती. पहिलं बाळंतपण, म्हणजे मी, आत्यानेच केलं होतं.

मी पाचवीत असतानाच्या नाताळात घोटाळा झाला. आईने सगळ्यांसाठी सगळं आणलं, चिठ्ठ्या डकवल्या आणि नाताळच्या सकाळी तिच्या लक्षात आलं की आत्याचीच चिठ्ठी रिकामी राहिली. दुकानं बंद, आत्या न्हाणीघरात. आईने घाईघाईने पेटी उघडली आणि तळाशी ठेवलेला एक मोठा, बारीक विणीचा क्रोशाचा रुमाल काढला. देवळातल्या आधीच्या पाळकसाहेबांची बदली झाली तेव्हा त्यांच्या पाळकीणबाईंनी जाता जाता आईला दिला होता. नवाच्या नवा होता. आईने तो कागदात गुंडाळला आणि आत्याच्या हातात ठेवला.

आत्याने उलगडला. कडेच्या एकेका टाक्यावरून बोट फिरवलं.

"हा तुले कुठून भेटला वं, सुमन?"

"मुद्दाम आनला, बाई, तुमच्यासाठी."

त्या 'मुद्दाम'ने सगळा नाश केला. आत्याने रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. "दोन महिने बसून मीच इनला हा. पाळकीनबाईले देल्ला होता. तिनं तुले देल्ला, तू मले. माह्या हाताचं कोनालेच ठेवावं वाटलं नाई." एवढंच बोलली. रडली नाही, भांडली नाही. दुपारच्या बसने यवतमाळला निघून गेली आणि रुमाल टेबलावरच राहिला.

नंतरचं सबंध वर्ष आत्याचं पत्र नाही. बाबा औषधांसाठी यवतमाळला जात, तिला भेटून येत. आई दारातच विचारायची, "बाई काय म्हनत होत्या?" बाबा सांगायचे, "बरी हाये." आई पुन्हा विचारायची, "माह्याबद्दल?" बाबा चपला काढायला वाकायचे आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहायचे.

म्हणून मी सहावीत असतानाचा तो डिसेंबर वेगळा होता. बंड्या आल्या, बाभळी पांढऱ्या झाल्या, पण जमिनीवर चिठ्ठ्या मांडल्या गेल्या नाहीत. आई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि सोललेले दाणे टोपल्यात टाकायच्या ऐवजी टरफलांतच टाकायची. शेजारच्या शांताकाकूंनी ते पाहिलं. काकूंचे यजमान जिनिंगमध्ये मुकादम होते आणि काकू आमच्या गल्लीच्या मुकादम. त्या टोपलं ओढून घेऊन समोर बसल्या.

"औंदा यादी नाई का वं, सुमनबाई?"

"कोनाची करू? जिच्यासाठी जीव टाकला थेच रुसून बसली. मले त आता नाताळ नकोच वाटते."

"तुमचं बी गजबच हाय. एकीले पातळ, एकीले कप. मंग जिले कप थे पातळाकडं पायते अन् जिले पातळ थे कपाकडं. आमचं पाय. संक्रांतीले फनी आनली त सगळ्याईले फनी. वान लुटलं की मोकळं."

"अन् कोनाले फनी नको असली त?"

"त नको. पन शेजारनीलेबी फनीच भेटली ना! मंग रुसाव कायले?"

आई हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मले काई फनी-बिनी नको, शांताबाई. मले एक उशी द्या, अन् डोकं टेकून निजू द्या." काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "मंग उशीच लुट ना!"

लुटणं या शब्दावर मी नंतर आयुष्यभर विचार करत आले आहे. मास्तरीण झाले आणि मुलांना शब्दांचे अर्थ सांगत राहिले, त्यामुळे ती खोडच लागली. डाकू लुटतो तो हिसकावतो. पण दसऱ्याला सोनं लुटतात तेव्हा एकमेकांना देतात, आणि संक्रांतीला बायका वाण लुटतात ते तर स्वतःच्या घरचं वाटून टाकतात. घेणं आणि देणं यांना एकच शब्द असलेली भाषा आपली. मला तिचा फार अभिमान वाटतो. अर्थात याच शब्दापायी त्या वर्षी आमची देवळात शोभा झाली.

ठरलं असं की घरटी एक उशी, सगळ्या सारख्या, आणि कापूस आम्ही पोरींनी जमवायचा. मी आणि काकूंची विमल. बाबांनी अट घातली, "बाभळीच्या काट्यावरचा असला तरी ज्याचा हाय त्याले इचारून घ्या." म्हणून आम्ही शाळा सुटल्यावर वळणावर उभ्या राहायचो, जिथे बंड्या हळू होतात, आणि ओरडायचो, "दादा, बड्या दिनाले लुटायले कापूस पायजे!" गाडीवान हसायचे. एकजण म्हणाला, "लुटाले पायजे त लुट ना बापा, इचारतं कायले?" आणि त्याने वरून एवढा मोठा पुंजका टाकला की विमल त्याखाली दिसेनाशी झाली. ऊन उतरायला लागलेलं, कापूस अजून कोमट. ओच्यात घेतला की पोटाला ऊब लागायची. ती ऊब मला अजून आठवते.

आमचे नवे पाळकसाहेब नगरकडचे. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं की कंपाउंडरची पोरगी वळणावर कापूस लुटून राह्यली. त्या रविवारी त्यांनी उपदेशाला दहा आज्ञांतली आठवी आज्ञा घेतली, 'चोरी करू नको'. "कोवळ्या वयात रस्त्यावरच्या मालाला हात लागला, तर पुढे तो हात कुठे थांबेल?" असं म्हणून ते आमच्या बाकाकडे बघत थांबले. सगळं देऊळ आमच्याकडे बघत थांबलं. आईचे कान लाल झाले. भक्ती, म्हणजे उपासना, संपल्यावर ती थेट दारात त्यांच्यासमोर उभी राहिली आणि घाईत म्हणाली, "साहेब, आमी लुटून नाई राह्यलो जी. आमी लुटून राह्यलो!"

पाळकसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "म्हनजे, वाटून राह्यलो साहेब. वान लुटतेत तसं. लोकाईले उश्या द्याच्या हायेत." पाळकसाहेब दारातच मोठ्याने हसले. "अहो, आमच्या गावीही लुटतात की वाण! मला मेल्याला चोरच आधी सुचला." दुसऱ्या दिवशी नव्या पाळकीणबाईंकडून उश्यांच्या खोळींसाठी दोन स्वच्छ चादरी आल्या. पाळकसाहेबांची माफी असावी.

पुढचे दिवस माझ्या सबंध लहानपणातले सर्वांत सुखाचे. दुपारभर आम्ही अंगणात बसून बोटांनी सरकी काढायचो. सरकी काकूंच्या गाईला, कापूस गोणीत. मग हुसेनचाचा पिंजारी आले. त्यांच्या धनुष्यासारख्या पिंजणाची तात टंव टंव वाजायला लागली आणि अंगणभर कापूस उडायला लागला. त्यांनी विचारलं, "सब सरीखे बनाने के, बाई?" आई म्हणाली, "सगळ्या सारख्या." चाचा म्हणाले, "फिर तो आराम का काम है." खरंच आरामाचं काम होतं. आई शिवता शिवता भजन गुणगुणत होती. मी तिच्या कपाळाकडे पाहिलं तर तिथे आठी नव्हती. घरात बामाचा वास नव्हता. बाजारात एकही खेप झाली नव्हती. मला वाटलं, अरेच्चा, नाताळ असाही असतो तर.

एक काळजी मात्र उरलीच होती. आईने आत्याला कार्ड टाकलं होतं. "बाई, औंदा सगळ्यांना सारखंच आहे. तुम्ही या." उत्तर आलं नाही. एका दुपारी मी पाहिलं, आई आत्याच्या उशीला झालर लावून बघत होती. शांताकाकूंनीही पाहिलं. "झालं! लागली का पुन्हा थेच कराले?" आईने मुकाट झालर काढली. मग पेटीतून तो क्रोशाचा रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि आमच्या स्वतःच्या घरच्या उशीवर, ती जी उशी रोज डोक्याखाली घ्यायची तिच्यावर, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवून टाकला. मला म्हणाली, "रूथ, हे कोनाले द्याची नाई. हे आपली."

नाताळच्या आदल्या दिवशीच्या दोन्ही बसगाड्यांना बाबा जाऊन आले. आत्या उतरली नाही. आईने करंज्यांच्या डब्याचं झाकण तीनदा लावलं. नाताळच्या सकाळी आम्ही देवळात गेलो. दुसरं भजन सुरू झालं आणि मागच्या बाकावरून एक आवाज ढोलकीच्या किंचित पुढे पळायला लागला. आत्या नेहमी अशीच गायची. तालाने तिच्या मागे यावं अशी तिची अपेक्षा असायची. आईने वळून पाहिलं नाही. पण तिचं गाणं तिथेच थांबलं आणि भजन संपेपर्यंत ती नुसतीच पदराने डोळे पुसत उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी शेवटचं कडवं दोनदा म्हटलं.

घरी लूट झाली. अंगणात उश्यांची रास. प्रत्येक उशीवर दवाखान्याची चिठ्ठी आणि 'घेण्याची वेळ' या छापील शब्दांपुढे बाबांच्या अक्षरात एकच मजकूर: 'रात्री झोपताना, एक.' लोक हसून हसून बेजार. पाळकसाहेबांनी विचारलं, "दोन घेतल्या तर चालतील का, कंपाउंडर?" आत्याने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग आपली उशी आणि शेजारणीची उशी दोन हातांत घेऊन शाळेतल्या वह्या तपासाव्यात तशी तपासली.

"सारख्याच हायेत."

"सारख्याच, बाई," आई म्हणाली.

आत्या शाल ठेवायला आतल्या खोलीत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. आई गेली, आईच्या मागे मी. आत्या खाटेवर बसली होती. आईची उशी तिच्या मांडीवर होती आणि रुमालाच्या एका पाकळीवर तिचं बोट होतं. वर न बघता म्हणाली, "हा टाका चुकला होता माहा. तवाच उसवाले पायजे होता."

"राहू द्या, बाई. आता थो आमच्या घरचा हाय." आई तिच्या पायाशी बसली. "मी खोटं बोलली होती तवा. मुद्दाम नव्हता आनला. यादीत तुमच्याच नावाचं आनाचं राहून गेलं, म्हून घाईघाईत पेटीतून काढला."

"मले का समजत नाई? थेच त लागलं होतं," आत्या म्हणाली. मग उशी जागेवर ठेवली, तिची कड सरळ केली आणि म्हणाली, "चहा ठेव. साखर जराशी जास्त टाक."

तिसऱ्या दिवशी तिला पोचवायला आम्ही सगळे बसथांब्यावर गेलो. ती उशी पिशवीत मावेना म्हणून आत्या काखेत घेऊन बसमध्ये चढली. खिडकीतून फक्त ती आणि उशी दिसत होती. आईने खालून विचारलं, "बाई, हे आता कोनाले देऊन टाकसान नाई ना?"

कंडक्टरने घंटी दिली. आत्या खिडकीतून डोकं काढून ओरडली, "देल्ली तरी फिरून तुह्याच घरी येईन थे!" बस गेली तरी आई रस्त्यात उभी राहून हसत होती.

पुढे आमच्याकडे नाताळची लूटच होत राहिली. कधी गाळण्या, कधी पोळपाट, एका वर्षी नुसते तिळाचे लाडू. पुष्कळ वर्षांनी आत्या यवतमाळला गेली, देवाघरी. बाबा तिचं सामान आवरून घेऊन आले. ट्रंकेत दोन पातळं, क्रोशाच्या सुया, शाळेचं एक प्रमाणपत्र आणि वर ती उशी. चिठ्ठी तशीच होती, कागद पिवळा पडलेला. आईने उशी हातात घेतली आणि उशीशीच बोलली, "आल्या वं बाई, फिरून आल्या." आधी हसली आणि मग रडली. त्यानंतर अखेरपर्यंत आईच्या खाटेवर दोन उश्या असत.

त्या दोन्ही आता माझ्याकडे आहेत. परवा आत्याची उशी मी पिंजून आणली. पिंजायला आता यंत्र असतं, टंव टंव काही ऐकू येत नाही. कापूस तोच, खोळ नवी. स्नेहा यादीपुढे पेन घेऊन उभी होती. मी उशी तिच्या हातात दिली.

"ही कोणाला द्यायची, आई?" तिने थकलेल्या आवाजात विचारलं आणि पेन यादीकडे नेलं.

"यादीत नको लिहूस. तुला आहे. झोपताना, एक."

मग मी तिला हे सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत दिवाणावर आडवी झाली. आत्या बसमध्ये चढते तिथपर्यंत ती हुंकार देत होती. मी चष्मा लावून पाहिलं. गालाखाली उशी, मोबाइल जमिनीवर आणि कपाळ साफ कोरं. मी हळूच उठले आणि भाजी फोडणीला टाकली.